चार आण्याची कोंबडी

बऱ्याच दिवसांपासून हे लिहीन लिहीन म्हणत होतो. दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा राग आला म्हणून उठलो. आता राग जरा निवलाय, म्हणून लिहितोय. पूर्ण निवला की माझ्याच्याने लिहून होत नाही, हा जुना अनुभव आहे.

विषय माझी मोटरसायकल. घरातले म्हणतील, झालं, परत सुरू झाला हा. तर हो, परत सुरू झालो. पण या वेळी गाडीचं कौतुक नाही, भांडण आहे. घरातल्यांशी आहे, माझ्यासारख्याच गाडीवेड्या मित्रांशी आहे, आणि स्वतःशी तर आहेच. ताई आणि भावोजी हे वाचतात हे मला माहीत आहे. त्यांना एवढीच विनंती की मधे सोडू नका. मधे सोडलंत तर भलताच अर्थ निघेल.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माझ्याकडे यामाहाची आर१५ आहे, पहिल्या पिढीतली, २००९ सालची. ही गाडी २००८ मध्ये आली तेव्हा दीडशे सीसीच्या गाडीत पाण्याने थंड होणारं इंजिन, सहा गिअर, फ्युएल इंजेक्शन, पुढेमागे डिस्क ब्रेक, हे सगळं एकत्र आपल्याकडे कुणी पाहिलेलं नव्हतं. किंमत लाखाच्या आसपास. तेव्हा माझी ऐपत नव्हती. शोरूमच्या बाहेर उभं राहून बघायचो आणि बसने घरी यायचो. शेवटी २०१९च्या डिसेंबरात एकाची वापरलेली घेतली, ३८ हजारांना. मीटरवर २६ हजार होते. आज ६७ हजार आहेत.

भावोजींनी तिचं नाव ठेवलंय 'चार आण्याची कोंबडी'. बारा आण्याचा मसाला मग ओघाने आलाच. दर दिवाळीला जेवणं झाली, पानसुपारी फिरली की हा विषय निघतो. "काय, कोंबडीला यंदा किती मसाला लागला?" सगळे हसतात. मीही हसतो. आत्या विचारते, "अरे, एवढ्यात नवी नाही का येत?" आणि मग सगळ्यांचं एकमत होतं की जुन्या गाडीला, त्यातून असल्या पळणाऱ्या गाडीला, पोसणं हा शुद्ध वेडेपणा आहे. हे एकमत २०२५च्या नोव्हेंबरात ताम्हिणीत जे झालं त्यानंतर तर काळ्या दगडावरची रेघ झालं. तिथे येतोच. आधी हिशेब.

मी हिशेब ठेवतो. शंभर पानी वही आहे, गाडी घेतल्या दिवसापासून. पेट्रोल सोडून बाकी पै न् पै त्यात लिहिलेली आहे. जानेवारी २०२० ते डिसेंबर २०२५, सहा वर्षं. ताम्हिणीनंतरचा खर्च मी वेगळा ठेवलाय, तो यात धरलेला नाही. बेरीज येते ७१,४०० रुपये. गाडीच्या किमतीच्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे कोंबडीपेक्षा मसाला जास्त, हे भावोजींचं म्हणणं बरोबरच.

पण सहा वर्षांत गाडी ४१ हजार किलोमीटर चालली. एका किलोमीटरला पावणेदोन रुपयांच्या आत. याच काळात पेट्रोल किती जळलं? लिटरला चाळीस किलोमीटर धरा, हजार लिटरच्या वर झालं, म्हणजे लाखभर रुपये. त्या लाखाबद्दल सहा वर्षांत घरात एकानेही तोंड उघडलं नाही. पंपावर नोटा मोजताना कुणाला कोंबडी आठवत नाही. सर्व्हिसिंगचं बिल दिसलं की मात्र सगळे हिशेबनीस होतात.

मी एवढंच सांगून थांबलो असतो तर हा लेख गाडीची बाजू घेणारा झाला असता आणि मित्रांनी पाठ थोपटली असती. पण परवा मी वही घेऊन बसलो आणि खर्चाचे पोटभाग पाडले. ते आधी कधी पाडले नव्हते. आणि मला लाज वाटली.

७१,४०० पैकी इंजिन ऑइल, फिल्टर, कूलंट आणि असलं किरकोळ १६,३००. टायर ९,२००. चेन-स्प्रॉकेट दोनदा. बॅटरी दोनदा. क्लच प्लेट, कोनसेट, ब्रेक पॅड, फोर्कचे ऑइल सील वगैरे. ब्लॉक-पिस्टन एकदा, त्याची कथा पुढे आहे. मग येते हौस: आवाजाचा सायलेन्सर (पुढे काढून टाकला, सोसायटीत भांडणं झाली), एलईडी दिवे, टाकीवरचे स्टिकर. हौसेचे ९,२००. आणि मजुरी? गाडी उघडणं, साफ करणं, जोडणं, ट्रायल घेणं, पावसात भिजत रस्त्यावर येऊन बंद पडलेली गाडी चालू करून देणं, या सगळ्याचे चाचांना सहा वर्षांत मी दिले ११,६००.

बहात्तर महिने. महिन्याला एकशे एकसष्ट रुपये.

चाचा म्हणजे आमचे मेकॅनिक. चाळीसेक वर्षं हेच काम करताहेत. पोरवयात उस्तादाच्या हाताखाली राजदूत ३५० खोलायला शिकले. ती गाडी आपल्याकडे १९८३ पासून बनायला लागली. पेट्रोल पिते, पार्ट महाग, म्हणून लोकांनी नाकं मुरडली आणि पुढे पुढे भंगाराच्या भावात विकल्या. आज तीच नीट उभी केलेली मिळाली तर लोक लाखांत मोजतात. चाचा म्हणतात, "तेव्हा मी दोन गाड्या कापायला दिल्या साहेब, कुणी घेईना." असो, विषय तो नाही.

विषय असा की मी स्टिकर लावणाऱ्या पोराशी कधी घासाघीस केली नाही. सायलेन्सरचे सांगितले तेवढे दिले, वर मित्रांना फोटो पाठवले. नाना पेठेत पार्ट घेताना छापील किमतीत फार तर दहावीस रुपये इकडेतिकडे. पण चाचांनी "चारशे द्या" म्हटलं की माझ्या तोंडून आपोआप निघतं, "अहो, तीनशे घ्या की, नेहमीचं गिऱ्हाईक आहे." नेहमीचं गिऱ्हाईक असणं हे कमी देण्याचं कारण कसं काय झालं, हा प्रश्न मला सहा वर्षांत पडला नाही. आणि तुम्हालाही पडलेला नाही. आपण सगळे हेच करतो. वस्तूचे पैसे देताना आपल्याला काही वाटत नाही, कारण वस्तू हातात दिसते. हाताच्या कामाचे देताना पोटात दुखतं. नळाचा माणूस दहा मिनिटांत काम करून पाचशे घेऊन गेला तर आपण आठवडाभर सांगत फिरतो की "दहा मिनिटांचे पाचशे!" ती दहा मिनिटं शिकायला त्याला किती वर्षं लागली ते कोण मोजतं?

आता कुणी म्हणेल, मजुरी कमी दिलीस तर गाडीचा खर्च वाचला, बरंच झालं. इथेच तर सगळी गोम आहे.

साधी शंभर सीसीची गाडी आणि असली गाडी यांत फरक पार्टच्या किमतीचा तितकासा नाही. फरक वेळेचा आहे. टॅपेटचंच घ्या. साध्या गाडीत दोन व्हॉल्व्ह, इंजिन उघडं, वरची दोन झाकणं काढली की हात पोचतो. इथे चार व्हॉल्व्ह, म्हणजे चार जागी फिलर गेज घालून फट बघायची. तिथे पोचायला आधी दोन्ही बाजूंचं प्लास्टिक काढा, टाकी काढा, वायरी बाजूला करा. प्लास्टिकच्या जुन्या खुंट्या तुटतात, त्या सांभाळून काढाव्या लागतात. शिवाय ही तपासणी इंजिन थंड असताना करायची. गरम इंजिनात धातू फुगलेला असतो, फट चुकीची दिसते. म्हणजे गाडी आदल्या रात्री गॅरेजात सोडायची, सकाळी इंजिन थंडगार असताना काम करायचं. अर्धा दिवस गेला. नवा पार्ट एकही लागत नाही! बिलावर लिहायला काही नाही. नुसते हात आणि वेळ. मग आमच्यासारखं नेहमीचं गिऱ्हाईक म्हणतं, "काहीच तर बदललं नाही, मग चारशे कसले?"

अशा गिऱ्हाइकांच्या गाडीचे टॅपेट कोण बघेल? कुणीच बघत नाही. ऑइल बदलतात, चेनला वंगण, धुऊन पुसून देतात. ऑइलवर निदान चार पैसे सुटतात.

मधे एकदा मी चाचांनाही सोडलं होतं. सगळ्या कंपन्यांच्या गाड्या घेणारं एक चकचकीत वर्कशॉप उघडलं, नाव सांगत नाही. बोर्डावर मोठ्या अक्षरांत, '९९९मध्ये फुल सर्व्हिस, लेबर फ्री'. लेबर फ्री! म्हणजे माणसाचं काम फुकट, ही जाहिरात आहे आणि ती वाचून मी खूश होऊन आत गेलो. एसीत बसवलं, चहा दिला. संध्याकाळी गाडी अशी चकाचक की बघत राहावं. बरोबर छापील कागद, बावीस चौकोन, बावीसही चौकोनांत बरोबरची खूण. त्यात एक चौकोन ब्रेक ऑइलचा होता. त्यातही खूण. हा कागद माझ्याकडे अजून आहे. तारीख २०२४च्या मार्चमधली.

आता ब्लॉक-पिस्टनची कथा. २०२२च्या उन्हाळ्यात गाडी गरम होऊन बंद पडली. चाचांनी रेडिएटर उघडला तर आत गंजाचं पाणी. आधीच्या मालकाने कूलंटच्या जागी नळाचं पाणी भरलं होतं, आणि मी घेतल्यावर पातळी तेवढी बघितली, रंग बघितला नाही. क्षार धरून नळ्या बुजलेल्या. इंजिन तापलं, सिलिंडरच्या आत ओरखडे पडले. जुन्या गाड्यांमध्ये अशा वेळी सिलिंडर बोअर करून एक साइज मोठा पिस्टन टाकतात, थोडक्यात भागतं. या गाडीचा सिलिंडर डायासिल, म्हणजे ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनच्या मिश्रणाचा. आत लोखंडी लायनर नाही. उष्णता लवकर निघून जावी म्हणून तसा केलाय. चांगली गोष्ट आहे, पण ओरखडा पडला की बोअर करायची सोय नाही. काही ठिकाणी लायनर ठोकून देतात, चाचा त्याला तयार नव्हते आणि मलाही ते पटत नाही. ब्लॉक-पिस्टन नवा, गॅस्केट वगैरे धरून ८,७०० रुपये. मुळात चुकवलं काय होतं? साडेतीनशे रुपयांचं कूलंट आणि अर्ध्या तासाची मजुरी.

त्या दिवाळीला भावोजींना हा आकडा मिळाला. मग काय विचारता. "बघ, जुनी गाडी!" मी तेव्हा गप्प बसलो. खरं तर सांगायला हवं होतं की गाडी तेरा वर्षांची होती म्हणून ब्लॉक गेला नाही, कुणीतरी साडेतीनशे वाचवले म्हणून गेला. जुनी गाडी महाग असते ती अशी. आधीच्या लोकांनी जे जे स्वस्तात उरकलं त्याची थकबाकी तुमच्या नावावर येते. आणि तुम्ही पण स्वस्तात उरकलंत तर ती पुढच्याच्या नावावर जाते.

माझ्या बाबतीत तो पुढचा माझा भाचाच निघाला.

ताम्हिणी. दिवाळी झाल्यावर, नोव्हेंबरात, त्याला मित्रांबरोबर कोकणात जायचं होतं. गाडी मागितली, मी दिली. पोरगा तेवीस वर्षांचा, लायसन्स आहे, हेल्मेट घालतो, माझ्यापेक्षा शांत चालवतो. मुळशीकडून वर जाऊन माणगावच्या बाजूला उतरताना, उतार आणि वळणं सलग येतात तिथे, त्याच्या पुढे एक टेम्पो होता. त्याच्या मागे ब्रेक दाबत दाबत उतरत राहिला. एका वळणावर पुढचा ब्रेक दाबला आणि लिव्हर थेट ग्रिपला टेकली. हातात काहीच नाही. मागचा दाबला, तोही पोकळ. दरीच्या बाजूला न जाता त्याने गाडी डोंगराच्या अंगाला घातली, एवढं त्याला सुचलं. गटारात पडला. उजवं मनगट मोडलं, प्लेट घालावी लागली.

हॉस्पिटलात मला पहिल्यांदा काय म्हणाला असेल? "मामा, ब्रेक लागलाच नाही."

आणि त्याच्यावर कुणाचा विश्वास बसला नाही. कारण गाडी वर काढली तेव्हा ब्रेक व्यवस्थित लागत होता! टेम्पोत घालून आणणाऱ्याने दाबून बघितला, लागला. भावोजींनी बघितला, लागला. म्हणजे पोरगा पळवत होता आणि आता ब्रेकवर ढकलतोय, असं सगळ्यांचं ठरलं. त्याच्या तोंडावर कुणी म्हटलं नाही, पण म्हटल्यासारखंच होतं. आणि त्याला जोडून, "ती खटारा विकून टाक आता." दोन आरोपी मिळाले, भाचा आणि गाडी. तिसऱ्याकडे कुणी बघितलं नाही. तो तिसरा तिथेच, डॉक्टरांशी बोलत उभा होता.

गाडी चाचांकडे नेली. त्यांनी बाकी कशाला हात न लावता ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं आणि मला म्हणाले, "या, बघा." ताजं ब्रेक ऑइल फिकट, जवळजवळ पाण्यासारखं असतं. आत होतं ते कोऱ्या चहाच्या रंगाचं.

ब्रेक ऑइल हे खरं तर तेल नव्हेच. ते हवेतला ओलावा शोषत राहतं, डबी बंद असली तरी, रबरी पाइपातून, वर्षानुवर्षं. डॉट ४ म्हणून जे मिळतं ते ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, असं मानक आहे. ओलावा धरला की हीच हद्द १५५ अंशांवर येते. हे मानकातलं झालं. सहा वर्षं न बदललेल्याचं काय होत असेल ते मानकातही लिहिलेलं नाही. लांब उतारावर डिस्क आणि कॅलिपर तापतात, ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही म्हणून ब्रेक लागतो. वाफ मात्र दाबली जाते. लिव्हर ग्रिपला टेकते आणि पॅड जागचे हलत नाहीत. मग गाडी पंधरा-वीस मिनिटं गटारात पडून राहते, थंड होते, वाफेचं पुन्हा पाणी होतं, आणि येणारा प्रत्येक जण दाबून बघतो आणि म्हणतो, ब्रेक तर लागतोय.

पोरगा खरं बोलत होता. हे मी इथे सगळ्यांसमोर लिहितोय, कारण हॉस्पिटलात सगळ्यांसमोर म्हणायची माझी छाती झाली नाही. नंतर ताईला फोनवर अर्धवट सांगितलं, तेही 'टेक्निकल प्रॉब्लेम' म्हणून.

आणि हा टेक्निकल प्रॉब्लेम कुठून आला? बहुतेक गाड्यांच्या माहितीपुस्तिकेत दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला असं स्वच्छ लिहिलेलं असतं. चाचांनी मला दोनदा सांगितलं होतं. पुढचं-मागचं दोन्ही काढून, नवं भरून, नीट एअर काढून द्यायचे त्यांनी साडेचारशे सांगितले होते, मजुरीचे. बाटली वेगळी, दीडशेची. मी म्हणालो, "ब्रेक लागतायत की. पुढच्या वेळी बघू." माझ्या वहीत त्याच तारखेला एलईडी दिव्यांची नोंद आहे. बाराशे रुपये.

चाचांनी जोर केला नाही. गिऱ्हाइकाला जास्त सांगितलं की ते म्हणतं, हा पैसे काढतोय. चाळीस वर्षांत हे ते शिकलेत. आपणच शिकवलंय.

आता माझ्यावर येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला, नवी घे. नवी घ्यावी, ज्याला जमेल त्याने जरूर घ्यावी. आजच्या आर१५ला एबीएस आहे, माझ्या गाडीला नाही, आणि एप्रिल २०१९ पासून सव्वाशे सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं ते योग्यच झालं. यावर माझ्याकडे उत्तर नाही. पावसात चालवताना मला ते जाणवतं. पण नवी गाडी दीड लाखाच्या वर जाते, आणि मुख्य म्हणजे तिचं ब्रेक ऑइल पण ओलावा धरतं. सहा वर्षांनी तीसुद्धा सहा वर्षांची होणार आहे. आणि तेव्हा तिचा मालक पण म्हणणार आहे, पुढच्या वेळी बघू.

दुसरा आक्षेप मित्रांचा. पार्ट महाग आहेत, जुन्या मॉडेलचे मिळत नाहीत, त्याच्यावर लिही. बरोबर आहे. काही पार्टसाठी मीही नाना पेठेत दोन-दोन शनिवार घालवलेत. सरकारनेही हालचाल केली नाही असं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटरसायकलच्या पार्टवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तेव्हा आपल्या ग्रुपवर काय जल्लोष झाला होता! चेन किट किती स्वस्त, टायर किती स्वस्त, सगळ्यांनी याद्या टाकल्या. १ एप्रिल २०२२ला जुन्या दुचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ३०० वरून हजार झाली तेव्हा शिव्यांची लाखोली वाहिली, मीही वाहिली. सात-आठ वर्षांच्या या सगळ्या चर्चेत मेकॅनिकची मजुरी किती असावी यावर एक ओळ कुणी लिहिलेली मला आठवत नाही. उलट विचारणा असते ती, "स्वस्तातला चांगला मेकॅनिक सांगा." दुरुस्तीचा हक्क मिळेल हो. दुरुस्त करणारा कुठून आणायचा?

चाचांचा मुलगा या धंद्यात नाही. हात चांगला होता त्याचा, कोनसेट बसवताना मी बघितलाय, बापासारखाच बोटांनी अंदाज घ्यायचा. आता एका गोदामात आहे, महिन्याचा पगार, रविवारची सुट्टी. चाचांना विचारलं तर म्हणाले, "इथे काय ठेवलंय साहेब? तुम्हीच सांगा." माझ्याकडे महिन्याला एकशे एकसष्ट रुपयांचा हिशेब होता. मी काय सांगणार होतो?

गॅरेजात सध्या एक पोरगा आहे, पंक्चर काढतो, गाड्या धुतो. टॅपेट त्याला येत नाहीत. शिकायला वेळ लागतो, आणि त्या वेळेचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. म्हणून तो शिकत नाही. मग आपण म्हणतो, हल्ली चांगले मेकॅनिक राहिलेच नाहीत.

डिसेंबरात गाडी परत उभी केली. चाचांनी दोन्ही कॅलिपर खोलले, सील बदलले, पाइप बदलले. टॅपेट थंड इंजिनावर, रात्रभर गाडी ठेवून. कोनसेट, मागच्या मोनोशॉकच्या जोडाचं ग्रीसिंग, जे बहुधा २००९ नंतर कुणी केलंच नव्हतं. अडीच दिवस काम चाललं. बिल सांगितलं, मजुरीचं, नऊशे रुपये. सवयीने. मी म्हणालो, तास मोजा. ते हसले. मग मीच मोजले, वीस तास. तासाला अडीचशे धरून पाच हजार काढून दिले. घ्यायला तयार नव्हते. म्हणाले, "असा रेट लावला तर उद्या कोण येईल?" मी म्हणालो, मी येईन. "तुम्ही एकटे येऊन काय होतंय," असं म्हणाले, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. शेवटी तीन हजारांवर तुटलं. मेकॅनिकने रेट खाली आणायला आणि गिऱ्हाइकाने वर न्यायला भांडायचं, असा तमाशा तिथल्या पोराने पहिल्यांदाच बघितला असणार. :)

वहीत नवीन रकाना पाडलाय, मजुरीचा. आधी तो 'किरकोळ'मध्ये असायचा.

भाच्याचं प्लास्टर निघालंय. व्यायाम चालू आहेत, मूठ अजून पूर्ण वळत नाही. परवा फोनवर म्हणाला, "मामा, गाडी झाली का?" मागे ताईचा आवाज आला, काय म्हणाली ते नीट ऐकू आलं नाही. ताई, गाडी द्यायची की नाही ते तू ठरव. तू नाही म्हणालीस तर मी देणार नाही. फक्त नाही म्हणताना गाडी जुनी आहे म्हणून म्हणू नकोस, भाऊ चिक्कू आहे म्हणून म्हण.

आणि भावोजी, तुमची चारचाकी २०१८ची. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललंत? चारचाकीलाही तेच लागतं. चाचा चारचाकीचं काम करत नाहीत, पण करणारा एक त्यांच्या ओळखीचा आहे. रविवारी सकाळी मी तिकडे जातोय. येत असाल तर नऊला तयार राहा. आणि तो सांगेल तेवढे द्या.